इन्कम टॅक्सच्या वजावटी आणि बदललेले नियम: नोकरदार आणि छोट्या धंदेवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

खाली जे लिहिलंय ते आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या कमाईबद्दल आहे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६, ज्याचं रिटर्न २०२६ मध्ये भरायचं. टॅक्सच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ऑफिसातल्या शेजारच्या माणसाने जे केलं तेच आपण केल्याने. त्याचं होम लोन वेगळं, त्याचं भाडं वेगळं, तुमचं वेगळं. त्यामुळे प्रत्येक उत्तर स्वतःच्या आकड्यांवर लावून बघा.

बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणतात, मग माझा पगार साडेबारा लाख आहे, मला किती बसेल?

काहीच नाही, जर तुम्ही नव्या रिजीममध्ये (बहुतेक वजावटी नसलेल्या नव्या कर पद्धतीत) असाल आणि पगाराशिवाय दुसरी कमाई नसेल तर. पगारदाराला नव्या रिजीममध्ये ७५,००० रुपये स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) मिळतं, ते वजा करून उरलेलं उत्पन्न १२ लाखांच्या आत आलं की कलम ८७ए ची रिबेट (टॅक्समधली सूट) ६०,००० पर्यंतचा टॅक्स पुसून टाकते. म्हणून १२ लाख ७५ हजार पगारापर्यंत शून्य.

पण लोक इथे एक गोष्ट चुकीची समजतात, की पहिले बारा लाख सगळ्यांनाच माफ आहेत. तसं नाहीये. स्लॅब असे आहेत: ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ लाख ५ टक्के, ८ ते १२ लाख १० टक्के, १२ ते १६ लाख १५ टक्के, १६ ते २० लाख २० टक्के, २० ते २४ लाख २५ टक्के आणि त्यावर ३० टक्के. उत्पन्न बारा लाखांच्या बरंच वर गेलं की रिबेट जाते आणि टॅक्स ४ लाखांपासून वर मोजला जातो, शिवाय त्या टॅक्सच्या रकमेवर ४ टक्के सेस, म्हणजे उपकर.

म्हणजे बारा लाखांवर दहा हजार जास्त झाले तर साठ हजार भरायचे?

नाही नाही, त्यासाठी मार्जिनल रिलीफ आहे. समजा स्टँडर्ड डिडक्शन वजा करून उत्पन्न १२,१०,००० आलं, तर स्लॅबने टॅक्स होतो ६१,५०० पण तुमची जास्तीची कमाई फक्त १०,००० आहे म्हणून टॅक्सही १०,००० च, सेस धरून १०,४००. हा रिलीफ साधारण १२ लाख ७० हजारांच्या उत्पन्नापर्यंत चालतो, त्यापुढे नेहमीचा हिशोब.

माझा पगार नऊ लाख आहे, तरी पोर्टल टॅक्स दाखवतंय, असं का?

बहुतेक तुम्ही शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंड विकले असतील. शेअरच्या अल्प मुदतीच्या नफ्यावर २० टक्के आणि दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १.२५ लाखांच्या वर १२.५ टक्के असा वेगळा दर लागतो, आणि नव्या रिजीममधली रिबेट त्या वेगळ्या दराच्या टॅक्सवर मिळत नाही. पगारावरचा माफ झाला तरी शेअरवरचा भरावा लागतो. आणि परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांनी लक्षात ठेवा, ही रिबेट फक्त निवासी व्यक्तीला आहे, एनआरआयच्या भारतातल्या भाड्यावर किंवा एनआरओ (एनआरआयच्या भारतातल्या कमाईचं बँक खातं) व्याजावर ती लागू नाही.

जुनी रिजीम बंद झाली का?

बंद नाही झाली. २०२३-२४ पासून नवी रिजीम आपोआप लागू होते आणि जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते एवढाच फरक. प्रश्न हा आहे की जुनी कोणाला परवडते, आणि खरं सांगायचं तर आता फार थोड्या लोकांना.

उदाहरण घेऊ. पगार १५ लाख. नव्या रिजीममध्ये ७५,००० गेले, १४.२५ लाखांवर टॅक्स ९३,७५०, सेससकट ९७,५००. आता जुन्यात बघा: ५०,००० स्टँडर्ड डिडक्शन, २,५०० प्रोफेशन टॅक्स, ८०सी चे (पीपीएफ, एलआयसी वगैरे) दीड लाख, एनपीएस या पेन्शन योजनेचे ५०,०००, मेडिक्लेमचे २५,००० आणि राहत्या घराच्या कर्जाचं व्याज २ लाख, म्हणजे जवळपास सगळं पूर्ण भरलं, तरी उत्पन्न १०,२२,५०० उरतं आणि टॅक्स सेससकट १,२४,०२० होतो. इतकं सगळं करूनही नवी रिजीम साडेसव्वीस हजारांनी स्वस्त! या पगाराला जुनी रिजीम बरोबरीत यायला स्टँडर्ड डिडक्शन आणि प्रोफेशन टॅक्स सोडून साधारण ५ लाख ४१ हजारांच्या वजावटी लागतात, त्या होतात ते सहसा मोठा एचआरए (घरभाडं भत्ता) आणि बाकीचंही सगळं असेल तेव्हाच. तुमचा आकडा वेगळा येईल, आयकर खात्याच्या साइटवर कॅल्क्युलेटर आहे, त्यात दोन्ही बाजू टाकून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

एप्रिलमध्ये एचआरला "नवी रिजीम" सांगून बसलो, आता बदलता येईल का?

हो. एचआरला जे सांगितलं ते फक्त पगारातून टीडीएस (आधीच कापून घेतला जाणारा टॅक्स) किती कापायचा यासाठी. रिटर्न भरताना पगारदार दरवर्षी नव्याने निवड करू शकतो. अट एकच, जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीत भरलंच पाहिजे, उशीर झाला की नवीच लागते आणि सगळ्या वजावटी गेल्या. ज्यांचं धंद्याचं किंवा व्यवसायाचं उत्पन्न आहे त्यांना मात्र अशी दरवर्षी उडी मारता येत नाही, त्यांनी फॉर्म १०-आयईए भरून जुनी घेतली की पुन्हा नव्यात एकदाच परत येता येतं, आणि परत आल्यावर धंदा चालू असेपर्यंत जुनी विसरायची.

नव्या रिजीममध्ये काहीच वजा होत नाही का?

थोडं होतं. स्टँडर्ड डिडक्शन आहेच, फॅमिली पेन्शन घेणाऱ्यांना २५,००० पर्यंत सूट आहे, ग्रॅच्युइटी आणि रजेच्या पैशांवरची सूट दोन्हीकडे आहे. घर भाड्याने दिलं असेल तर त्या घराच्या कर्जाचं व्याज भाड्यातून वजा होतं, पण तोटा आला तर तो पगारातून वजा करता येत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कंपनीने तुमच्या एनपीएसमध्ये भरलेली रक्कम. कलम ८०सीसीडी(२) खाली बेसिक अधिक डीएच्या (महागाई भत्त्याच्या) १४ टक्क्यांपर्यंत ही वजावट नव्या रिजीममध्येही मिळते. बेसिक महिन्याला ५०,००० असेल तर वर्षाला ८४,०००. तुम्ही स्वतः भरलेल्या एनपीएसला नव्यात काही नाही, कंपनीमार्फत गेलं तरच. एचआरला विचारा, बऱ्याच कंपन्यांत ही सोय असते पण कोणी विचारत नाही म्हणून कोणी सांगत नाही.

मग एलआयसी, पीपीएफ बंद करू का?

फक्त टॅक्ससाठी चालू केलं असेल तर नीट विचार करा, पण घाईने काही मोडू नका. पीपीएफचं व्याज आजही करमुक्त आहे, ८०सी मिळो न मिळो, आणि खातं जिवंत ठेवायला वर्षाला ५०० रुपये पुरतात. विम्याचं म्हणाल तर टर्म इन्शुरन्स घरच्यांसाठी असतो, टॅक्ससाठी नाही, तो चालूच ठेवा. मला मनापासून वाईट वाटतं ते मार्चमध्ये घाईघाईत घेतलेल्या एन्डॉवमेंट पॉलिसींचं, ज्यांचे हप्ते पुढची वीस वर्षं चालतात आणि वजावट तर आता लागूही नाही. नवीन पॉलिसी घेताना "टॅक्स वाचतो" हे कारण कागदावरून खोडा आणि मग ती घ्यावीशी वाटते का बघा.

पुण्यात राहतो, एचआरए ५० टक्के की ४०?

२०२५-२६ साठी ४० टक्के. ५० टक्के फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला, पुण्याची भाडी कितीही वाढली तरी. मिळालेला एचआरए, बेसिकचे ४० किंवा ५० टक्के, आणि भाडं वजा बेसिकचे १० टक्के, या तिघांत जे कमी ते करमुक्त, आणि हे सगळं जुन्या रिजीममध्येच.

आईवडिलांच्या घरात राहून त्यांना भाडं देत असाल तर चालतं, पण घर त्यांच्या नावावर हवं, भाडं खरोखर बँकेतून गेलं पाहिजे, आणि त्यांच्या रिटर्नमध्ये ते उत्पन्न म्हणून दिसलं पाहिजे. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. आणि महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर असेल तर २ टक्के टीडीएस कापून भरणं तुमचं काम आहे, मुंबईतल्या बऱ्याच भाडेकरूंना हे नोटीस आल्यावर कळतं.

आईवडिलांच्या मेडिक्लेमचं काय? आणि जीएसटी गेला ना त्यावरचा?

जुन्या रिजीममध्ये ८०डी खाली स्वतः, जोडीदार आणि मुलांसाठी २५,०००, आईवडील साठीच्या वर असतील तर त्यांच्यासाठी वेगळे ५०,०००. वयामुळे किंवा आजारामुळे त्यांना पॉलिसीच मिळत नाही अशी घरं खूप आहेत, त्यांनी औषधपाण्याचा खर्च त्याच ५०,००० च्या मर्यादेत दाखवावा, कायद्यात तशी सोय आहे. पैसे रोख देऊ नका, रोखीत फक्त तपासणीचे ५,००० पर्यंत चालतात.

जीएसटीचं बरोबर आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. ग्रुप पॉलिसीला हे लागू नाही.

एकजण म्हणतो मी तुला मोठा रिफंड काढून देतो, दहा टक्के मला दे. करू का?

करू नका. अजिबात करू नका. तो काय करतो, तर तुमच्या नावावर न दिलेली राजकीय देणगी टाकतो, नसलेल्या भाड्याचा एचआरए टाकतो, नसलेलं शैक्षणिक कर्ज टाकतो, रिफंड येतो, त्याचा वाटा घेऊन तो नंबर बदलतो. रिटर्न तुमच्या पॅनवर आहे, त्याच्या नाही. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा खोट्या वजावटी भरून देणाऱ्यांवर देशभर कारवाई केली. आता रिटर्नमध्येच ८०सी साठी पॉलिसी किंवा खात्याचा नंबर, मेडिक्लेमला विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर, कर्जाला बँक आणि खातं असं सगळं विचारतात, त्यामुळे खोटं लगेच उघडं पडतं. उत्पन्न चुकीचं दाखवलं असं ठरलं तर बुडवलेल्या टॅक्सच्या २०० टक्के दंड, वर व्याज. कारखान्यात काम करणाऱ्या, महिन्याला तीस-पस्तीस हजार कमावणाऱ्या माणसाला हे झेपत नाही हो. आधीच असं झालं असेल तर नोटीस यायची वाट न बघता अपडेटेड रिटर्न भरून मोकळे व्हा, त्याचं शेवटी लिहिलंय.

प्रोफेशन टॅक्स वेगळा का कापतात?

तो राज्याचा टॅक्स आहे, इन्कम टॅक्सशी संबंध नाही. महाराष्ट्रात महिन्याचा पगार १०,००० च्या वर असेल तर २०० रुपये महिना आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पगारापर्यंत माफ आहे, तरी कापला जात असेल तर ऑफिसला विचारा. स्वतःचा धंदा असेल तर पीटीईसी (प्रोफेशन टॅक्सची नोंदणी) काढून वर्षाचे २,५०० तुम्हीच भरायचे, सहसा ३० जूनपर्यंत.

माझं किराणा दुकान आहे, हिशोबाच्या वह्या ठेवत नाही. रिटर्न कसं भरू?

कलम ४४एडी तुमच्यासाठीच आहे. वर्षाची विक्री २ कोटींपर्यंत, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत. बँकेत, यूपीआयवर आलेल्या विक्रीच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के एवढा नफा किमान दाखवायचा, वह्या नाहीत, ऑडिट नाही.

समजा विक्री ९० लाख, त्यातले ७० लाख यूपीआय आणि बँकेतून, २० लाख रोख. नफा ४,२०,००० अधिक १,६०,००० म्हणजे ५,८०,०००. दुसरी कमाई नसेल तर नव्या रिजीममध्ये टॅक्स शून्य. यूपीआयने पैसे घेतले की टॅक्स वाढतो ही भीती उलटी आहे, यूपीआयवर टक्केवारी कमी आहे. खरा नफा जास्त असेल तर मात्र तो दाखवायचा, ६ आणि ८ टक्के ही खालची मर्यादा आहे.

दोन गोष्टी लोक विसरतात. एक, टॅक्स बसत असेल तर ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष संपण्याआधीच भरायचा टॅक्स) १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरायचा. दोन, एकदा ४४एडी घेऊन मध्येच सोडलं तर पुढची पाच वर्षं परत मिळत नाही. आणि कमिशन किंवा एजन्सीच्या कमाईला हे चालत नाही, विमा एजंटांनी म्हणून ४४एडी मध्ये रिटर्न भरू नये.

इन्कम टॅक्स शून्य आला म्हणजे जीएसटीही नाही ना?

दोन्ही वेगळे कायदे आहेत! वरच्या उदाहरणात टॅक्स शून्य आहे पण विक्री ९० लाख आहे, म्हणजे जीएसटी नोंदणी हवीच. महाराष्ट्रात फक्त मालाच्या विक्रीला ४० लाख, सेवेला २० लाख ही मर्यादा. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या आणि बंगळुरात दुकानांवर "फक्त रोख" अशा पाट्या लागल्या, ते ह्याचमुळे. पण मर्यादा विक्रीवर आहे, यूपीआयवर नाही, रोख घेतली तरी विक्री ती विक्रीच.

फक्त भाजी, सुटं दूध असा करमुक्त माल विकत असाल तर नोंदणी लागत नाही. भावाने पाठवलेले, उसने परत आलेले पैसे त्याच क्यूआरवर घेत असाल तर आजच थांबवा, धंद्याचं खातं वेगळं करा, नंतर एकेक एन्ट्री समजावत बसणं फार त्रासाचं असतं.

छोट्यांसाठी कॉम्पोझिशन स्कीम आहे, दीड कोटींपर्यंत, व्यापाऱ्याला १ टक्का आणि रेस्टॉरंटला ५ टक्के, ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घ्यायचा नाही.

मी डॉक्टर/वकील/आर्किटेक्ट आहे, मला ४४एडी चालेल का?

तुम्हाला ४४एडीए. जमा ५० लाखांपर्यंत, रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, आणि निम्मी रक्कम किमान नफा धरायची. २० लाख जमा असेल तर १० लाख उत्पन्न, नव्या रिजीममध्ये टॅक्स शून्य. फक्त एक सांगतो, निम्मे खर्च धरले की वर पुन्हा क्लिनिकचं भाडं, पेट्रोल, लॅपटॉप असं काही वजा होत नाही.

४५ दिवसांत पैसे द्यायचा नियम नेमका काय आहे?

कलम ४३बी(एच). उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले आणि ३१ मार्चला बाकी राहिले तर तो खर्च त्या वर्षी वजा होत नाही, जेव्हा द्याल त्या वर्षी होतो. म्हणजे खिशातून जायचा खर्च, पण त्यावर या वर्षी टॅक्स भरा. मार्चच्या शेवटी आलेलं बिल एप्रिलमध्ये पण ठरलेल्या दिवसांत दिलं तर चिंता नाही.

नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्याला, त्याच्याकडे उद्यम असलं तरी, हे संरक्षण नाही, बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. भोसरी, अंबड, वाळूज अशा एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन, उद्यम नंबर बिलावर छापा. मोठ्या पार्टीचा अकाउंटंट मार्चमध्ये तोच नंबर शोधत असतो आणि ज्यांचा नंबर दिसतो त्यांचे पैसे आधी सुटतात.

रोखीचे कोणते नियम पाळायचे?

धंद्याचा खर्च एका माणसाला एका दिवशी १०,००० च्या वर रोख दिला तर वजावट जाते, ट्रकवाल्याला ३५,००० पर्यंत चालतं. २०,००० किंवा जास्त रोख उसने घेऊ नका, नातेवाइकाकडूनही. आणि २ लाख किंवा त्यावर रोख स्वीकारू नका, दंड तेवढ्याच रकमेचा असतो.

शेतीचं उत्पन्न दाखवायचं का? जमीन विकली तर?

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे पण दाखवायचं असतं. ते ५,००० च्या वर असेल आणि बाकीची कमाईही मूळ सवलतीच्या मर्यादेच्या वर असेल तर दर ठरवताना ते मोजलं जातं, त्यामुळे पगारावरचा टॅक्स थोडा वाढू शकतो. गाईम्हशींचं दूध आणि पोल्ट्री शेतीत येत नाही, तो धंदा आहे, यावरून गावाकडे कायम वाद होतात.

ग्रामीण शेतजमीन विकली तर कॅपिटल गेन (विक्रीच्या नफ्यावरचा टॅक्स) लागत नाही. ग्रामीण म्हणजे काय तर नगरपालिका हद्दीबाहेर, सरळ रेषेत मोजून: त्या शहराची लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर २ किलोमीटरच्या पुढे, एक ते दहा लाख असेल तर ६, दहा लाखांच्या वर ८ किलोमीटर. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर यांच्या आजूबाजूची बरीच जमीन यात अडकते, व्यवहाराच्या आधी अंतर काढून घ्या, सह्या झाल्यावर नाही.

गोव्यात नवराबायकोचं उत्पन्न अर्धं-अर्धं होतं हे खरं का?

खरं आहे. ज्यांच्यावर गोव्यातली पोर्तुगीज सिव्हिल कोडची सामाईक मालमत्तेची पद्धत लागू आहे त्यांचं घरभाडं, धंदा, कॅपिटल गेन, व्याज हे कलम ५ए प्रमाणे दोघांत समान वाटलं जातं आणि दोघं आपापल्या रिटर्नमध्ये दाखवतात. पगार मात्र ज्याचा त्याचाच. असं वाटप असेल तर "सहज" नावाचा फॉर्म, म्हणजे आयटीआर-१, चालत नाही.

नवीन इन्कम टॅक्स कायदा आला म्हणतात, माझं रिटर्न कोणत्या कायद्याने?

आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला, १९६१ चा गेला. पण २०२५-२६ ची कमाई जुन्याच कायद्यात बसते, म्हणून यंदाच्या रिटर्नमध्ये ८०सी, ४४एडी हीच ओळखीची नावं. एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला मागचं वर्ष आणि असेसमेंट वर्ष ही भानगड नाही, एकच "टॅक्स इयर". कलमांचे नंबर बदललेत, ८०सी चं १२३ झालं, ४४एडी वगैरे ५८ मध्ये गेलं, टीडीएस बराचसा ३९३ मध्ये. स्लॅब तेच आहेत, कोणी "नव्या कायद्याने टॅक्स वाढला" म्हणून घाबरवत असेल तर ऐकू नका.

शेवटची तारीख काय, आणि चुकली तर?

पगारदारांना, आयटीआर-१ आणि २ ला, ३१ जुलै. ऑडिट नसलेल्या धंदेवाल्यांसाठी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ फेब्रुवारी २०२६ च्या बजेट भाषणात ३१ ऑगस्ट जाहीर केली. मुदत वाढेल म्हणून थांबू नका. चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं, लेट फी ५,०००, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००. भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा, नाहीतर भरलं न भरलं सारखंच.

त्यानंतरही राहिलं किंवा जुन्या वर्षात काही चुकीचं दाखवलं गेलं असेल तर अपडेटेड रिटर्न, २०२५ च्या बजेटपासून याची मुदत चार वर्षं झाली. राहिलेला टॅक्स आणि व्याज यांच्यावर पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७० टक्के जादा. यात रिफंड मागता येत नाही, फक्त जास्तीचा टॅक्स भरता येतो.